तीन वयांचा कुर्ता

आमच्या घरात सध्या एकही अख्खा कुर्ता नाही. पुढचे भाग आहेत, पाठीचे भाग आहेत, बाह्या लागतील तेवढ्या आहेत आणि एक गळा आहे (तो कोणत्या कुर्त्याचा हे आता कोणालाच सांगता येत नाही). पण अंगात घालून दाराबाहेर पडता येईल असं काही नाही. लोकांच्या घरी चोर येतात आणि कपाट साफ करून जातात. आमच्याकडे ते काम मी केलं, भर दिवसा, चष्मा लावून, मधूनमधून चहा पीत.

मी कोराडीच्या वीजकेंद्रात मेंटेनन्सला होतो. जन्मभर पंप आणि मोटारी खोलल्या. रिटायर होऊन नागपुरात मानकापूरच्या घरी येऊन बसलो, पण हात काही रिटायर होईनात. मिक्सर खोलून झाला, इस्त्री खोलून झाली. मी गीझरकडे वळलो तेव्हा आमच्या मंडळींनी, म्हणजे मंदाने, पेचकस ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवला. माझं आयुष्यभराचं एकच तत्त्व आहे. कोणतीही वस्तू समजून घ्यायची असेल तर आधी ती उघडायची. उघडली की तिच्यात काय आहे ते आपोआप कळतं. ती पुन्हा कशी बंद करायची हा नंतरचा प्रश्न.

माझी धाकटी बहीण शालू कामठीला असते. तिचे यजमान पावरलूमवर कामाला होते. ते गेले तेव्हा त्यांची मयुरी शाळेत होती. पोरगी शिकली, हिंगण्याच्या एका कंपनीत लागली. पहिल्या पगारात तिने आईला साडी घेतली आणि मला कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड. मधाच्या रंगाचं, मऊ, हातावरून घसरून जाईल असं. मी आपलं ते कपाटात ठेवून दिलं, कारण कोसा घालून मिरवावं असं माझ्या आयुष्यात काही होत नाही. मग या वर्षी मयुरीचं लग्न ठरलं आणि ती साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, आमंत्रण घेऊन घरी आली.

"मामाजी, साक्षगंधाले माह्या कापडाचा कुर्ता घालून या," ती चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणाली. "बाबाच्या जागेवर तुम्हीच बसान ना. मंग तुमच्या आंगावर माह्या कमाईचं पाह्यजे."

एवढं बोलून ती पुन्हा शेंगदाणे वेचायला लागली. मी "हो, हो" म्हणालो आणि उगाच चष्मा पुसत बसलो. तो चांगला स्वच्छ होता.

आता एवढं ऐकल्यावर शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी टेलरकडे गेला असता. पण तो मे महिना होता, आणि मे महिन्यातला नागपूरचा माणूस दुपारी काही करत नाही. तो कूलरसमोर आडवा पडतो आणि कूलरकडे बघतो. संध्याकाळी ऊन उतरलं की जाऊ असं म्हणतो, आणि संध्याकाळी ऊन उतरतं तेव्हा तो स्वतःच उतरलेला असतो. असं करता करता साक्षगंधाचा आठवडा उजाडला.

आमचा नेहमीचा टेलर शटर ओढून स्वतःच्या मुलीचं लग्न लावायला गावी निघून गेला होता. मी दुसरा गाठला.

"कुर्ता शिवाचा आहे. रविवारी साक्षगंध आहे."

"कोनत्या महिन्यातल्या रविवारी?"

"याच."

त्याने तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "काकाजी, माह्या सोताच्या साळ्याचे कपडे अजून कापले नाई. तुम्ही रेडिमेड घेऊन घ्या न."

तिसऱ्याने मान वर केली नाही. नुसती कात्री उचलून कोपऱ्यातला ढीग दाखवला. त्या ढिगामागे एक गिऱ्हाईक ठिय्या देऊन बसलं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते कालपासून बसलं असावं. मी उन्हातून घरी आलो, मठ्ठा प्यालो आणि जाहीर केलं.

"मी घरीच शिवतो."

मंदा पालक निवडत होती. "काय शिवता?"

"कुर्ता."

"कोन?"

"मी."

तिने पालकाची जुडी खाली ठेवली. "अवो, तुमच्या पायजाम्यात नाडी मले घालून द्या लागते."

"ते अलग काम आहे. ज्या मानसानं एवढाले पंप खोलले, त्याले एक कुर्ता जमनार नाई?"

"खोलतच होते न तुम्ही. जोडाले तं दुसरी पार्टी येत होती. तुम्हीच सांगतलं मले."

हे खरं होतं. आमच्याकडे कामाची तशी वाटणी होती आणि ती मी कधीकाळी कौतुकाने सांगितली होती. संसारात बायकोला काही सांगू नये ते याचसाठी.

घरात सासूबाईंनी दिलेली पायाची शिलाई मशीन होती. मंदा तिच्यावर साडीचे फॉल लावते, उशांचे अभ्रे शिवते. उरलेला वेळ त्या मशीनवर फुलदाणी असते. मंदाने फुलदाणी उचलली, मशीनला तेल पाजलं आणि अट घातली. "सरळ शिलाई मी मारून देईन. कापनं तुमचं. पोरीच्या कापडाले मी कात्री लावनार नाई. मले शालूच्या घरी तोंड दाखवाचं आहे."

मी म्हटलं, ठीक. आधी ट्रायल घेऊ. कोशाला हात लावायच्या आधी एक जुनी चादर घेऊ आणि तिचा कुर्ता करू. (एवढा विचारी माणूस तुम्ही पाहिला नसेल.) नमुना म्हणून मी गेल्या दिवाळीचा पांढरा कुर्ता काढला. चांगला होता, त्याला काही झालं नव्हतं. तो मी ब्लेडने टाका टाका उसवला, त्याचे भाग हॉलमध्ये फरशीवर मांडले आणि प्रत्येकावर रंगीत खडूने लिहिलं. पुढा, पाठ, डावी बाही, उजवी बाही. मोटार खोलल्यावर आम्ही असंच करायचो. मग ते भाग चादरीवर ठेवून कापले, मंदाने शिलाया मारल्या, आणि जेवणाच्या आत चादरीचा कुर्ता तयार झाला. मी इतका खूश झालो की मंदाला म्हणालो, उगाच आपण टेलर लोकांना एवढं डोक्यावर बसवलं.

मग तो घालायला घेतला. कानापर्यंत आला आणि अडकला.

गळा मी अगदी मापात कापला होता. माझ्या गळ्याला तो तंतोतंत बसला असता. पण गळ्यापर्यंत जायला वाटेत डोकं लागतं, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. पुढून जी बटणांची पट्टी असते ती शोभेसाठी असते असा माझा इतक्या वर्षांचा समज होता. मंदा वरून खाली ओढत होती, मी आतून वर रेटत होतो आणि चादरीच्या आत भयंकर उकडत होतं.

"थांबा, हालू नका," मंदा म्हणाली. "कान वाकडा होऊन राहिला."

शेवटी तिने कात्रीने मला सोडवलं.

आता पट्टी कशी असते ते पाहणं आलं. दिवाळीच्या कुर्त्याची पट्टी उसवताना फाटली होती. म्हणून मी दुसरा कुर्ता उघडला. तो मला फोरमन केलं त्या वर्षीचा, तोही पांढरा. पट्टी कळली, पण बाही जिथे खांद्याला मिळते तिथला मुंढ्याचा गोल काही केल्या जमेना. चादरीच्या कुर्त्याची एक बाही पुढे बघत होती आणि दुसरी शेजाऱ्यांकडे. मग मला आठवलं, की शालूच्या लग्नात मी घातलेला कुर्ता मंदाने डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवला आहे. त्या काळचे टेलर म्हणजे टेलर! त्यांचा मुंढा पाहिला पाहिजे.

"तो राहू द्या," मंदा म्हणाली. "तेवढी एक आठवन आहे."

"आठवन कुठी जाते? मी परत जोडून देतो न."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ट्रंक उघडताना तिच्याकडे पाठ केली. तो कुर्ताही पांढराच. आता नागपुरात माणूस दुसऱ्या कोणत्या रंगाचे कुर्ते शिवणार? फरशीवर तिन्ही कुर्ते सुटे होऊन पसरले. हॉलमधून जायला जागा उरली नाही. मंदा स्वयंपाकघरातून बाहेर यायची ती पाय उचलून उचलून, सडा घातलेल्या अंगणातून चालावं तशी. कोणत्या कुर्त्याचा कोणता भाग ते सगळ्यावर खडूने व्यवस्थित लिहिलेलं होतं. काही चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

एवढ्यात लाइट गेली.

कूलर बंद पडला. घराची भट्टी झाली. आम्ही दोघं पाठीमागच्या ओट्यावर वारा घालत बसलो आणि थोड्या वेळाने लाइट आली तरी बसूनच राहिलो, कारण उठायचं त्राण नव्हतं. आत कूलर आपोआप सुरू झाला, पूर्ण स्पीडवर. सकाळीच मी त्याच्यात तुडुंब पाणी भरलं होतं आणि त्याची वाळ्याची एक ताटी थोडी तुटलेली आहे, त्यामुळे तो हवेबरोबर पाण्याचे शिंतोडेही फेकतो. (ती ताटी मला दुरुस्त करायची होती. त्यासाठी तो कूलर मी एकदा उघडलाही होता.)

आत गेलो तर कुर्त्याचे भाग घरभर. एक बाही टीव्हीवर, एक देवघरापाशी, पाठीचा एक भाग सोफ्याखाली गेलेला. गोळा केले तर सगळे ओले आणि खडू पुसलेला. पांढरे, कोरे, कोण कुठला काही पत्ता नाही.

"आता?" मंदाने विचारलं.

"आता काय? पुढा तो पुढा, पाठ ती पाठ. शेवटी मानूस एकच आहे न आतला."

हे वाक्य मी बोललो ते मला आजही खुपतं. भाग वाळवले, इस्त्री केली आणि बरे दिसले ते एक पुढा, एक पाठ आणि बाह्यांची एक जोडी निवडली. पुढचा भाग थोडा अरुंद वाटला. मी म्हटलं, भिजून आटला असेल. मग कोशाचं कापड काढलं. घडी उलगडली तसा हॉल उजळल्यासारखा वाटला. मंदा उठली आणि देवापुढे दिवा लावून आली.

"काहून?" मी विचारलं. "दिवेलागनीले वेळ आहे."

"कापडासाठी लावला."

मी कापलं. त्या कापडाचा कात्रीखाली बारीक कुरकुर आवाज येत होता आणि मला प्रत्येक वेळी मयुरीचा चेहरा आठवत होता. सगळं कापून झालं, उरलेल्या चिंध्यांत रुमालही निघणार नाही अशी स्थिती झाली, आणि मंदा मशीनवर बसली. थोड्या वेळाने मशीन थांबली.

"अवो, हा पुढा अन् ही पाठ एकमेकाले भेटूनच नाई राहिले."

"ओढ थोडं."

"ओढूनच राहिली. अन् बाही दोघायपासून बी नाराज आहे."

तिने मग जे केलं ते मला सुचायला हवं होतं. ती उठली, मी ज्यावरून मापं घेतली ते पांढरे भाग तिने उचलले आणि एकेक करून नाकाला लावले. पुढच्या भागाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"हा शालूच्या लग्नातला," ती म्हणाली. मग पाठ उचलली, हातभर पसरवली. "ही दिवाळीची. एवढी पाठ तुमची याच वर्षी झाली. अन् बाह्या फोरमन झाले तवाच्या."

मी खाली बसलो. म्हणजे मयुरीच्या कोशाचा कुर्ता असा कापला गेला होता की पुढून मी बहिणीच्या लग्नातला सडपातळ तरुण, मागून पेन्शनर, आणि हात मधल्या वयाचे. हे तिघेही मीच, पण त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. माझे डोळे खरोखर भरून आले. कापड पुन्हा आणता येतं, पण पहिला पगार पुन्हा कुठून आणायचा?

मंदा मला काही बोलली नाही. (ती बोलली नाही की परिस्थिती गंभीर आहे असं समजावं.) तिने पाठीला चुण्या घातल्या, पुढ्याची शिवण दोऱ्याच्या जाडीएवढीच धरली, बाह्या कुठून ओढून कुठे भिडवल्या ते देव जाणे. शुक्रवारी पुढचा भाग आणि बाह्या जुळून पाठ जोडायची बाकी होती, आणि मयुरीचा व्हिडिओ कॉल आला.

"मामाजी, कुर्ता झाला न? दाखवा न."

मी घाईने तो अर्धा कुर्ता पुढून अंगाला लावला. मंदा माझ्या मागे उभी राहून त्याची दोन्ही टोकं घट्ट धरून होती.

"अय्यो, काय मस्त दिसून राहिला! कोनत्या टेलरकडे टाकला?"

"आपल्या घराजवळच आहे एक." हे खोटं नव्हतं.

"मागून दाखवा न. वळा."

मी जागच्या जागी थिजलो. तोंड अर्धवट उघडं, डोळे स्थिर, एक हात हवेत. नेटवर्क गेलं की माणूस फोनमध्ये असाच दिसतो. पापणीही हलवली नाही.

पलीकडून मयुरी म्हणाली, "मामाजी, तुम्ही अटकले. पन मामी मागं हालून राहिली."

मी फोन बंद केला आणि नंतर निरोप पाठवला की नेट खराब आहे.

रविवारी सकाळी तो कुर्ता मंदाने मला घातला. मी स्वतः घालू शकत नव्हतो. अंगात गेला, बटणं लागली, आरशात पुढून बघितलं तर खरंच रुबाबदार दिसत होता. फक्त दोन्ही हात छातीच्या वर जात नव्हते. मुंढे इतके घट्ट होते की हात उचलायला गेलं की सगळा कुर्ता खांद्यावर चढायचा आणि पोट उघडं पडायचं.

"हात वर करू नका, म्हंजे झालं," मंदाने सांगितलं. "साक्षगंधात हात वर कराचं कामच काय?"

कामठीला शालूच्या घरासमोर मांडव घातला होता, दोन्ही बाजूंना कूलर लावले होते. शालू दारातच भेटली. "दादा, कुर्ता लय सुंदर झाला. पन तू असा आखडून काहून उभा आहे?"

"मान धरली," मी म्हणालो.

ती तशीच आत गेली आणि बाम घेऊन आली. पाहुण्यांच्या देखत माझ्या मानेला बाम चोळला. ऐन उन्हाळ्यात मान पेटली. एक गोष्ट मात्र त्या कुर्त्यात फार छान जमत होती, ती म्हणजे नमस्कार. हात छातीपर्यंतच न्यायचे असतात. मी येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार केला, मांडववाल्याला केला, पाण्याच्या जार घेऊन आलेल्यालाही केला. मुलाकडची मंडळी वर्ध्याची. त्यांच्यात लगेच बोलणं झालं की मुलीचे मामाजी भारी नम्र आहेत.

मग मी मयुरीच्या वडिलांच्या जागी जाऊन बसलो. तिने लांबून माझ्याकडे बघितलं, माझ्या कुर्त्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला की मला उकाडा, बाम, मुंढे सगळं विसरायला झालं. आजचा दिवस निभून जाऊ दे, एवढंच मी देवाकडे मागत होतो.

पहिलं काम नवऱ्या मुलाला कुंकू लावायचं. मुलगा, निखिल त्याचं नाव, चांगला ताडमाड. समोर बसला तरी माझ्यापेक्षा वीतभर उंच. मी कुंकवात बोट बुडवलं आणि हात उचलला. तो निखिलच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत गेला आणि थांबला. मी थोडा जोर केला. पाठीत कुठेतरी टाका कुरकुरला. मी निखिलकडे पाहिलं. बिचाऱ्याला वाटलं असावं की आमच्याकडे अशीच रीत आहे. तो वाकला. पुरे नव्हतं. मी बोट तसंच धरून ठेवलं. तो आणखी वाकला, मग आणखी, आणि शेवटी त्याचं कपाळ माझ्या बोटाला येऊन टेकलं.

मागून एक आजीबाई म्हणाली, "काय संस्कार आहेत वं पोट्ट्यावर. किती वाकते मोठ्या मानसापुढं."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. आमच्या बाजूच्या पोरांना त्यांच्या आयांनी तिथल्या तिथे कोपरखळ्या मारल्या.

नंतर व्याही भेट. निखिलचे वडील म्हणजे तरुणपणी आखाड्यात घुमलेला माणूस, हाताचे पंजे फावड्याएवढे. त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. आता माझी पाळी. मी हार घेतला, त्यांच्या गळ्याकडे पाहिलं, ती चढण आपल्याला जमणार नाही हे ओळखलं आणि हार नम्रपणे त्यांच्या हातात दिला. ते क्षणभर थांबले, मग त्यांनी तो स्वतःच घालून घेतला. कोणाला काही खटकलं नाही. पण व्याही भेट नुसत्या हारांवर भागत नाही, त्यात गळाभेटही असते. ते हात पसरून पुढे आले. मी "हळू" म्हणायला तोंड उघडलं तोवर त्यांनी मला कवेत घेतलं आणि प्रेमाच्या भरात उचललं.

टर्र. मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मुंढ्यापासून कमरेपर्यंत सगळी पाठ उघडली. पाठीमागे मोठा कूलर होता, त्याची गार हवा थेट आत शिरली, आणि खोटं कशाला सांगू, त्या दिवसात मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

"मी काई जोर नाई लावला जी," व्याही घाबरून म्हणाले.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. मी मयुरीकडे बघायचं टाळत होतो, पण ती पाटावरून उठून माझ्यापाशीच आली. मला दंडाला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. मंदाही मागून आली. मयुरीने मला पाठमोरं केलं आणि फाटलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं. पाठीवरच्या चुण्या मोजल्यासारख्या पाहिल्या.

"मामाजी, हा टेलरचा हात नाई."

मंदा म्हणाली, "यायनंच कापला. मी मशीन मारली. टेलर भेटूनच नाई राहिले होते पोरी, अन् हे म्हने, घालीन तं तिच्याच कापडाचा."

"तुह्या पहिल्या पगाराचं कापड होतं," मी म्हणालो. "मी त्याची वाट लावली. जन्मभर वाईट वाटंल मले."

मयुरी आधी हसली. इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग तिचं काजळ पसरायला लागलं तेव्हा मला कळलं की ती आता हसत नाहीये.

"मी चौथीत होती," ती म्हणाली, "तवा गॅदरिंगले झगा पाह्यजे होता. बाबानं आईची जुनी साडी कापून घरीच शिवला. कोनाले विचारलं नाई. एक बाही कोपरापर्यंत अन् एक मनगटापर्यंत. मी तोच घालून नाचली होती."

"मंग?"

"मंग काय? मले आज वाटून राहिलं होतं, बाबा पाह्यजे होते. आता तेवढं नाई वाटून राहिलं."

तिघंही रडलो. मी सगळ्यात जास्त, कारण पाठ फाटल्यामुळे मला मोकळेपणाने हुंदके देता येत होते. मग मंदाने पर्समधून पिना काढून मला मागून बंद केलं, मयुरीने आहेराच्या ताटातली शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि स्वतः हात धरून मला पुन्हा तिच्या वडिलांच्या जागेवर आणून बसवलं. फोटो निघाले. त्यांत मी शाल पांघरून मोठा गंभीर दिसतो आहे (जरा जरी हललो असतो तर पिना टोचल्या असत्या).

जेवणं झाल्यावर व्याही माझ्याजवळ येऊन बसले. बिचारे फार ओशाळले होते. त्यांनी पिशवीतून एक कुर्त्याचं कापड काढलं, वर नारळ ठेवून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "लग्नाले हा शिवून घाला. अन् राग नका मानू व्याहीबुवा, एक गोष्ट सांगतो. तुमचा तो टेलर बदला."

मी कापड घेतलं. मंदाने ते माझ्या हातातून तेवढ्याच शांतपणे काढून घेतलं आणि आपल्या पिशवीत ठेवलं.

"बदलतो जी," मी म्हणालो. "त्याच्या बायकोचं बी हेच म्हननं आहे."